आमची वाटचाल : ड्रोन समोरच्याकडे, माग आमच्याकडे

2004 साली वडगावात सेकंडहँड सोनी पीडी-170 व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूटिंगचं दुकान थाटलं. लग्नं, बारशी, वास्तुशांती. मिनी डीव्हीच्या तासातासाच्या टेपा अजून कपाटात आहेत, कुणाला हात लावू देत नाही. मधली दहा वर्षं बरी गेली.

सांगायचंय ते 2015 चं. एका क्रेडिट सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाची डॉक्युमेंटरी मिळाली. चेअरमनसाहेब चाळीस मिनिटं बोलले. कॅनन 5डी मार्क टू, ट्रायपॉड एकाच जागी. हा कॅमेरा 4 जीबीची फाइल भरली की, म्हणजे बारा मिनिटांच्या आसपास, गप्प थांबतो. माझ्या लक्षात येईपर्यंत वाक्यं गेली. एडिटला बसलो तर दर कटला साहेबांचं डोकं टुणकन उडतंय, आणि ते झाकायला कटअवे, म्हणजे मध्ये टाकायचा दुसरा शॉट, एकही नाही. ना हात, ना काउंटर, ना पासबुकं. ते शॉट माझ्या भागीदाराने घ्यायचे होते. तो चहाला गेला होता म्हणे! फिल्म परत आली. महिन्याभरात त्याने समोरच गाळा घेतला, ड्रोन आणला, आमची निम्मी लग्नं नेली. माझी लेन्स गहाण पडली.

तेव्हा हातमागवाले अण्णा दारात आले. "पोरीच्या लग्नाची कॅसेट तुम्हीच काढलासा न्हवं? आता मागाची काढा."

पहिला दिवस कॅमेरा न काढता नुसता बसलो. मागाचं बरं असतं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते. एका कॅमेऱ्यात तीन कॅमेऱ्यांचं काम होतं. दारातून अख्खी शेड, मग अण्णा कमरेपासून वर, मग नुसता धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. पायाने दाबायच्या पावडीवरचं अनवाणी पाऊल. धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या वहिनींची, अण्णांच्या बायकोची, बोटं. धोटा सुटला की वाइड, म्हणजे लांबचा शॉट, कापायचा, पोचताना क्लोजअप. मागाची एकच बाजू धरायची, नाहीतर अण्णा एका शॉटात डावीकडे बघतात, दुसऱ्यात उजवीकडे. खटखट आवाज वेगळा घेतला.

नव्या पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो : झूम सोडा, पाय हलवा. प्रत्येक शॉट दहा सेकंद धरा. ट्यूबलाइटखाली शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद, नाहीतर उजेड थरथरतो. आणि शेडमध्ये ड्रोन काय पत्र्याला धडकवणार?

फिल्म बघताना पावडीच्या शॉटला वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, टाचा किती फुटल्यात ह्यांच्या." अण्णांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्याच संध्याकाळी सगळे पैसे रोख दिले, लेन्स सुटली.

सोसायटीचे अठरा हजार अजून यायचेत.