दाजींचा उरलेला कॅन

माझी स्प्लेंडर १२ वर्षांची. भांडुपहून अंधेरी एमआयडीसीला रोजची ये-जा, त्यातला निम्मा वेळ पवईच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. ऑइल बदलायची वेळ झाली होती आणि महिनाअखेर होती. त्याच रविवारी दाजींकडे जेवायला गेलो, तर त्यांच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला अर्धा कॅन कोपऱ्यात दिसला. ५डब्ल्यू-३० जाडीचं, फुल्ली सिंथेटिक. "घेऊन जा रे, भारी आहे, तुझी गाडी पळेल नुसती," दाजी म्हणाले. फुकट आणि वर भारी. घेऊन आलो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदललं.

आठवडाभर गाडी खरंच मऊ चालली. मग एका सकाळी आयआयटीच्या मेन गेटजवळ पुढे काढायला म्हणून मूठ पिळली, तर इंजिन नुसतंच ओरडलं. आवाज चढला, वेग नाही. मागून बसवाल्याने हॉर्न ठेवूनच दिला. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "क्लच प्लेटा गेल्या. अख्खा सेट टाकावा लागेल."

ऑफिसातला एक जण बुलेट स्वतः खोलतो, जोडतो. त्याने पैशांचं काही ऐकूनच घेतलं नाही. पहिला प्रश्न, "ऑइल कुठलं टाकलंस?" मी सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. कारमध्ये क्लच वेगळा, कोरडा बसतो. इंजिन ऑइलचा त्याच्याशी संबंध येत नाही. आपल्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले. कारच्या पातळ ऑइलमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, आणि क्लच तर घर्षणावरच पकडतो. घरी येऊन कॅन उलटा केला. मागच्या गोल शिक्क्यात बारीक अक्षरांत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' छापलेलं होतं, म्हणजे हेच ते इंधन वाचवणारं, निसरडं ऑइल. (जाड कार ऑइलवर वर्षानुवर्षं बाइक चालवणारेही आहेत. त्यात ही रसायनं बहुधा नसतात, म्हणून त्यांचं निभावतं.)

ही भानगड जुनीच आहे. कारची ऑइलं अशी निसरडी व्हायला लागली तेव्हा जपानमध्ये १९९८ साली चारस्ट्रोक मोटारसायकलींसाठी 'जासो' नावाचं वेगळं मानक निघालं. ओल्या क्लचसाठी एमए. त्यातच जास्त पकड देणारं ते एमए२. एमबी हे कमी घर्षणाचं, ज्या स्कूटरचा क्लच ऑइलबाहेर असतो तिच्यासाठी.

आता विकत घ्यायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो, तर प्रत्येक दुकानात वेगळा सल्ला. "मुंबईची गरमी आहे, २०डब्ल्यू-५० टाका, जाड पाहिजे." ऐकायला पटतं. मी तर जवळजवळ घेतलंच होतं. पण डिकीत गाडीचं मॅन्युअल होतं, पावसाने पानं फुगलेलं, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल (ही ऑइलच्या दर्जाची श्रेणी), जासो एमए. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं त्याचा आकडा; पुढचा ३० हा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या जाडीचा. उन्हाळा बाहेर कितीही असो, कंपनीने इंजिनातल्या फटी आणि पंप त्या ३०च्या हिशेबाने बनवलेत. उगाच जाड घातलं की पंपाला जोर जास्त आणि पिकअप जड.

एका दुकानदाराने १०डब्ल्यू-३० म्हणून बाटली पुढे केली. आकडे बरोबर होते, म्हणून खिशात हात घातला. मागे वळवली तर एमबी. स्कूटरची! "एकच असतं हो," तो म्हणाला. दुसऱ्या दुकानात एमए मिळालं, साधं मिनरल, सीलबंद ९०० मिली. सिंथेटिक घेतलं नाही. १०० सीसीच्या या गाडीला मिनरल पुरतं आणि मी वेळेवर बदलतो.

घरी इंजिन थोडं गरम करून दाजींचं ऑइल काढलं, खालचा नट घट्ट केला, नवं भरलं. गाडी मेन स्टँडवर घेऊन काही मिनिटं चालू ठेवली, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबलो आणि डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहिली. काढलेलं ऑइल बाटलीत भरून मेकॅनिकच्या ड्रममध्ये ओतून आलो. त्याने विचारलं, "प्लेटा कधी टाकायच्या?" म्हटलं, बघू.

पहिले दोन-तीन दिवस जोरात मूठ पिळली की थोडं घसरत होतं. मग पकड येत गेली. सहा महिने झाले, प्लेटा त्याच आहेत. नवी बाटली रिकामी झाल्यावर तिचं बूड खिळ्याने फोडून टाकलं, कारण भंगारात गेलेल्या अशा बाटल्यांत कोण काय भरून विकेल सांगता येत नाही. दाजींच्या कॅनमध्ये अजून थोडं शिल्लक आहे. आईने ते गच्चीच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी ठेवलंय.