वेशीबाहेरची टेकडी

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या नगरच्या मिशन शाळेत दर वर्षी गाणी व्हायची. कार्यक्रमाला धड नाव नव्हतं, सगळे 'गाण्यांचा शनिवार' म्हणायचे. हॉलभर सतरंज्या, पुढे पाळकसाहेब वगैरेंसाठी खुर्च्या, एका बाजूला पायानं भाता मारायचा ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला पेटी-तबला. आधी इंग्रजी गीतं, मग मराठी. इंग्रजी गाताना आम्ही ताठ उभे. मराठी सुरू झालं की मांडी घालायची, आणि मागून आयाबाया टाळ्यांचा ठेका धरायच्या.

त्यात नारायण वामन टिळकांची पदं हमखास असत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं म्हणणारा हा माणूस. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ओवी-अभंगाच्या वळणानं लिहिलं, म्हणून ती गाणी तोंडात बसायची. विलायती चालीवर बसवलेल्या भाषांतरांचं तसं नव्हतं. तिथं ऱ्हस्वाला ओढून दीर्घ करावं लागे, आणि कितीदा तरी शब्द संपला तरी चाल शिल्लक राही.

संगीताच्या बाईंकडे इंग्रजी गीतांची दोन पुस्तकं होती, एक जुनं, खिळखिळं झालेलं आणि एक नवं. दोन्हींतले शब्द जुळायचे नाहीत. जुन्यातला 'दाऊ', म्हणजे 'तू', नव्यात 'यू' झालेला. हे ऐकून माझी आजी म्हणाली होती, "आपलं बरंय, देवाला आपण पहिल्यापासून तूच म्हणतो." देवाला 'तुम्ही' म्हटलं असतं, तर तिला तो पाव्हणा वाटला असता.

सातवीत असताना आमच्या वाट्याला हिरव्या टेकडीचं गीत आलं. आयर्लंडच्या सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांनी लहान मुलांसाठी १८४८ मध्ये गीतांचं एक पुस्तक काढलं, त्यातलं. दूर एक हिरवी टेकडी आहे, 'विदाउट अ सिटी वॉल'. बाईंनी अर्थ विचारला. मी हात वर करून ठणकावून सांगितलं, "भिंत नसलेली टेकडी." वहीत चित्रसुद्धा काढलं होतं, टेकडीच्या पायथ्याशी पडकी तटबंदी, आपल्या भुईकोटासारखी. टेकडीला भिंत कशाला हवी, हा प्रश्न मला पडलाच नाही.

बाई हसल्या नाहीत. त्या काळच्या इंग्रजीत 'विदाउट' म्हणजे 'बाहेर' असाही अर्थ होता, असं त्यांनी सांगितलं. नव्या पुस्तकात तिथं सरळ 'आउटसाइड' छापलेलं होतं. मग त्यांनी फळ्यावर बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातली ओळ लिहिली आणि एका शब्दाखाली रेघ मारली: वेशीबाहेर.

शनिवारी गाण्याआधी अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. माळीवाडा वेशीवरून मी रोज शाळेत यायचे, त्यामुळे मला वेस म्हणजे नुसती दगडी कमान. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं: शहराच्या वेशीबाहेर एक टेकडी होती, तिथं प्रभूला क्रुसाच्या खांबावर दिलं. सतरंजीच्या कडेला आजी बसली होती. शेजारणीकडे वळून ती चांगल्या मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी आपल्या वस्तीवरच की!"

मागच्या दोन-तीन ओळींतल्या बायका हसल्या. त्या सगळ्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर कुणी हसलं नाही. मला तेव्हा फक्त आजीची लाज वाटली.

कॉलेजात असताना बाईंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी ते जुनं पुस्तक चाळायला दिलं. अलेक्झांडरबाईंच्या त्याच संग्रहातलं दुसरं एक गीत आम्ही पहिलीपासून गात होतो, फुलं-पाखरं देवानं घडवली असं सांगणारं. त्यात आम्हाला कधीच न शिकवलेलं एक कडवं निघालं. वाड्यातला श्रीमंत आणि त्याच्या दारातला गरीब, दोघांची पायरी देवानंच नेमून दिली, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून ठेवली होती. इंग्लंडमध्ये १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल' या गीतपुस्तकानंही ते वगळलं होतं, असं त्या म्हणाल्या. एकाच हातानं, एकाच पुस्तकात वेशीबाहेरची टेकडीही लिहावी आणि हेही लिहावं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. शब्द बदलले की गीताचा आत्मा जातो म्हणणाऱ्यांशी मात्र तेव्हापासून माझं जमत नाही. काही कडवी गेलेलीच बरी.

गेल्या वर्षी लेकीला घेऊन गाण्यांच्या शनिवारी गेले होते. ऑर्गन कोपऱ्यात कापडाखाली, शब्द पडद्यावर. टेकडीचं गीत मुलांनी मराठीत बसवलं होतं आणि कुणीतरी 'वेशीबाहेर' काढून 'नगराबाहेर' घातलं होतं. मात्रा बरोबर बसत होत्या. मागच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या पडद्याकडे न बघता गात होत्या, आणि त्या ओळीला त्यांचा शब्द मुलांच्या शब्दाच्या किंचित मागून, वेगळा ऐकू आला. लेकीनं विचारलं, "आई, त्या चुकल्या का?"

मी तिला घेऊन मागे, त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसले.