लाँग रन ते बार्ड्सटाउन: लिंकनच्या आजोबांचा कागदोपत्री माग

अब्राहम लिंकनने १८५९ साली लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात आजोबांची हकीकत आहे. नातवाचं आणि आजोबांचं नाव एकच. आजोबा १७८१-८२च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला आले आणि वर्षा-दोन वर्षांत अमेरिकेतल्या मूळ रहिवासी इंडियनांच्या हातून मारले गेले, असं तो सांगतो. म्हणजे फार तर १७८४. पण ७ मे १७८५च्या जमीनमोजणीत, हद्दीच्या झाडांवर खुणा करणारा माणूस म्हणून खुद्द आजोबांचंच नाव लिहिलेलं आहे. घरातली आठवण आधी ऐकावी, पण तारीख मोजणीच्या कागदावरून घ्यावी. अठराव्या शतकातल्या अमेरिकन वस्तीच्या सरहद्दीवरचा कुणाचाही पूर्वज शोधायचा असेल, तर या एका प्रकरणात बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

सुरुवात केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथे करावी, आजोबांची जमीन ज्या ओढ्याकाठी होती त्या लाँग रनला नव्हे. आधी जागा पाहायला धावलात तर नुसती शेतं आणि घरं दिसतात. केंटकीतल्या लुइव्हिल शहरापासून फ्रँकफर्ट सुमारे पन्नास मैल. राज्याच्या लँड ऑफिसची पेटंटं, म्हणजे जमिनीच्या सनदा, स्कॅन होऊन जालावर आहेत, त्यामुळे निम्मं काम घरीच उरकतं. राज्य अभिलेखागार मात्र प्रत्यक्ष गाठावं, कारण काउंट्यांच्या मायक्रोफिल्म तिथे एकत्र मिळतात.

केंटकी व्हर्जिनियाचा भाग होता त्या काळातल्या जमिनीला चार टप्पे असत: वॉरंट, नोंद, मोजणी, पेटंट. वॉरंट म्हणजे पैसे भरून मिळालेला हक्क, त्यात जागा ठरलेली नसते. नोंदीत जागा सांगितलेली असते, तीही ‘अमुक ओढ्याच्या तोंडापासून दोन मैल वर’ अशी. पेटंट म्हणजे अखेरची सनद. लोक पेटंट सापडलं की थांबतात, आणि तिथेच फसतात. सगळ्यात जास्त माहिती मोजणीत असते. सातबाऱ्यासारखा गावाने राखलेला उतारा इथे नाही. सरकारने आधी आखणी न करता जमीन विकली, म्हणून एकाच तुकड्यावर दोन-तीन दावे चढले आणि खटले पिढ्यानुपिढ्या चालले.

आजोबांचं वॉरंट क्रमांक ३३३४, ४०० एकरांचं, किंमत १६० पौंड. खजिन्याच्या वॉरंटचा दर शंभर एकराला ४० पौंड होता, तेव्हा हिशेब जुळतो. आडनाव ‘लिंकहॉर्न’ असं लिहिलंय. नुसतं ‘लिंकन’ टाकून शोधलं तर हा कागद हुकतो. उच्चार कानाने ऐकून कारकून जे लिहील ते सगळं टाकून पाहावं.

मोजणीत मापाची साखळी धरणारे दोघेही लिंकनच: हॅनानाया आणि जोसाया. सरहद्दीवर साखळी धरायला बहुधा घरचे, सासरचे, शेजारचे लोक येत. ही नावं हमखास टिपून घ्या, कारण पुढचे धागे तिथून निघतात.

हद्द अशी: ओढ्याकाठच्या शुगर मेपलच्या झाडापासून पूर्वेला ३०० पोल, मग उत्तरेला २१३⅓, पश्चिमेला ३००, दक्षिणेला २१३⅓. एक पोल साडेसोळा फूट, एकरात १६० चौरस पोल. गुणाकार ६४,०००, भागिले १६०, बरोबर ४००. हा पडताळा प्रत्येक मोजणीला करावा. जुळला नाही तर नकलताना एखादी बाजू गळलेली असू शकते. १:२४,००० च्या सरकारी नकाशावर ३०० पोल साधारण ६.३ सेंटिमीटर आणि २१३⅓ पोल ४.५ सेंटिमीटर येतात. पारदर्शक कागदावर चौकोन काढून तो ओढ्याच्या वळणांवर सरकवत बसवा. दिशा तेव्हाच्या चुंबकीय होकायंत्राच्या आहेत, त्यामुळे चौकोन थोडा फिरवावा लागतो.

लाँग रन जेफरसन काउंटीच्या पूर्व भागात. जुन्या बॅप्टिस्ट चर्चची जागा आणि दफनभूमी तिथे आहे. आजोबांना तिथेच पुरल्याची परंपरा आहे. परंपराच म्हणायची.

मृत्यू मे १७८६मध्ये, जेफरसनमध्ये. म्हणून मालमत्तेचे कागदही तिथेच शोधायचे? नाही. विधवा बाथशीबा मुलांना घेऊन दक्षिणेला सरकली आणि मालमत्तेचा कारभारी ऑक्टोबर १७८८मध्ये नेल्सन काउंटीच्या कोर्टाने नेमला. त्यासाठी लुइव्हिलपासून चाळीस मैलांवरच्या बार्ड्सटाउनचे कागद पाहायचे. मालमत्तेची यादी १७८९च्या मार्चमधली, एकूण ६८ पौंड १६ शिलिंग ६ पेन्स: दोन घोडे, वासरांसह गायी, डझनभर कथलाच्या थाळ्या, गुळगुळीत नळीची एक बंदूक, दोन रायफली, आणि कातडं कमावायची सुरी. शेतीबरोबर त्या घरात चामड्याचंही काम होत असावं, ते इथे कळतं.

या यादीत जमीन नाही. ती शोधू नका. यादी फक्त जंगम मालाची असते. आणि मृत्युपत्र न करता माणूस गेला, त्या वेळी व्हर्जिनियात, म्हणजे केंटकीतही, थोरल्या मुलालाच स्थावर मिळे. तो कायदा १ जानेवारी १७८७ला संपला. आजोबा आठ महिने आधी गेले, म्हणून जमिनीचा वारस थोरला मॉर्डेकाय, आणि राष्ट्राध्यक्षांचे वडील थॉमस रिकाम्या हातांचे. अशा वारसाहक्काने जमीन जाते तेव्हा खरेदीखत नसतं. म्हणून वारसाने पुढे विकल्याचं खत विक्रेत्यांच्या सूचीत पाहा, ‘अमक्याचे वारस’ या नावाखालीही.

दोन्हीकडे काही सापडलं नाही तर करयाद्या. केंटकीच्या जुन्या करयादीत ओढ्याचं नाव असतं, आणि जमीन कुणाच्या नावे नोंदली, मोजली, पेटंट झाली याचे वेगळे रकाने. नाव बदललेलं दिसलं की मधला व्यवहार कळतो. फेयेट काउंटीत हा रस्ता विशेष उपयोगी, कारण तिथल्या क्लार्कचे, म्हणजे काउंटीच्या दप्तराच्या अधिकाऱ्याचे, कागद १८०३च्या आगीत गेले.

बार्ड्सटाउनहून स्प्रिंगफील्ड वीस मैलांच्या आत. वॉशिंग्टन काउंटी १७९२मध्ये नेल्सनमधून निघाली, म्हणून थॉमसच्या लग्नाचा जून १८०६चा बाँड, म्हणजे लग्नाआधीचं हमीपत्र, इथे आहे. निघण्याआधी पूर्वजाच्या प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीची काउंटी लिहून काढा, आजची नव्हे. क्लार्कची कचेरी शनिवार-रविवार उघडी असेल असं गृहीत धरू नका, फोन करून जा, आणि फोटो काढायला परवानगी आहे का ते आधीच विचारा.