नापास सिनेमा, गच्ची फुल्ल

मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांना सिनेमे दाखवते. दोन पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये ताणून बांधलेली पांढरी चादर, भाच्याकडून उसना आणलेला प्रोजेक्टर, जिन्याखालच्या सतरंज्या. साडेसातला अंधार पडला की सुरू. यादी मीच ठरवते, आणि ती सोसायटीच्या ग्रुपवर पडली की दोन दिवसांत कोणी ना कोणी पालक जिन्यात गाठतातच.

"ताई, हा 'स्नो डॉग्ज' नेटवर बघितला आम्ही. २४ टक्के आहेत त्याला. म्हणजे नापासच की हो!"

३५ ला पास होणाऱ्या राज्यात यावर काय बोलणार? एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची. "या तर बघायला," म्हणून मी वर सटकते. पण दर वर्षी विचारता, कोणी कुत्सितपणे आणि कोणी खरंच काळजीने, म्हणून एकदा बसून सांगते. एवढ्या समीक्षकांनी नावं ठेवलेला सिनेमा मी मुलांना का दाखवते?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. मायामीतल्या एका सुखवस्तू दाताच्या डॉक्टरला अचानक कळतं की आपण दत्तक आहोत. जन्म देणारी आई अलास्कात वारली आणि वारसा म्हणून बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची एक अख्खी टोळी त्याच्या नावावर करून गेली. तो जातो, घसरतो, आपटतो, कुत्र्यांमागे फरपटत जातो, आणि हळूहळू आपला बाप कोण हेही त्याला कळतं. डॉक्टर झालाय क्युबा गुडिंग ज्युनियर आणि तिथला खडूस म्हातारा जेम्स कोबर्न. वाढवणाऱ्या आईच्या भूमिकेत निशेल निकल्स आहे, 'स्टार ट्रेक'मधली उहुरा. तिला ओळखणारा आमच्या गच्चीवर आजवर एकच निघाला, तोही मुलाला न्यायला आलेला बाबा. डिस्नेचा हा सिनेमा १८ जानेवारी २००२ ला अमेरिकेत लागला.

आता तुमचे २४ टक्के. रॉटन टोमॅटोज या साइटवरचा आकडा म्हणजे शंभरपैकी मार्क नव्हेत. तिथे प्रत्येक समीक्षणाचं फक्त हो किंवा नाही मोजतात. शंभर समीक्षकांनी "बरा आहे, वेळ जातो" म्हटलं तर सिनेमाला शंभर टक्के! आणि निम्म्यांना तो जीव टाकावा इतका आवडला, निम्म्यांना अजिबात नाही, तर पन्नास. म्हणजे २४ चा अर्थ एवढाच, की साधारण चारांतल्या एकाने होकारार्थी मान हलवली. उरलेले तिघे किती चिडले होते, की नुसतेच कंटाळले होते, ते त्या आकड्यात दिसत नाही. शाळेच्या भाषेत सांगायचं तर ही गुणपत्रिका नाही, हजेरीपट आहे.

पण आकड्यामागे लपून मी समीक्षकांना खोटं पाडणार नाही, कारण बरंचसं ते बरोबरच बोलत होते. गुडिंगला 'जेरी मॅग्वायर'साठी ऑस्कर मिळालेलं, कोबर्नला 'अफ्लिक्शन'साठी. असे दोन नट हाताशी असताना अर्धा सिनेमा डोळे वटारणं, किंचाळणं आणि तोंडावर आपटणं यात घालवायचा? दिग्दर्शक ब्रायन लेव्हंट. सेंट बर्नार्ड कुत्र्याचा 'बीथोव्हन' त्याचाच, त्यामुळे कुत्रा आणि धडपड हे गणित त्याला तोंडपाठ. आणि श्रेयनामावलीत म्हटलंय की कल्पना गॅरी पॉल्सनच्या 'विंटरडान्स' या पुस्तकावरून सुचली. पॉल्सन १९८३ मध्ये स्वतः इडिटारॉडच्या, म्हणजे अलास्कातल्या बर्फगाडीच्या शर्यतीत उतरला होता. अँकरेज ते नोम, जवळपास हजार मैल, बर्फातून, कुत्र्यांच्या भरवशावर. त्याच्या पुस्तकातही तो सारखा पडतो आणि आपण हसतो, पण त्या हसण्याखाली माणूस झोपेविना, थंडीने हळूहळू बदलत जातो. सिनेमाने त्यातलं पडणं तेवढं उचललं. पुस्तक वाचलेल्याला राग येणार नाही तर काय?

मग एवढी माणसं गेली कशी? सिनेमाला साधारण ३ कोटी ३० लाख डॉलर खर्च आला आणि एकट्या उत्तर अमेरिकेत ८ कोटींच्या वर मिळाले. यात गूढ काही नाही, फक्त कॅलेंडर बघायचं. जानेवारीतला तिसरा सोमवार तिथे मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, म्हणजे जोडून आलेले तीन दिवस, बाहेर थंडी, घरात पोरं. त्याच शुक्रवारी देशभर लागलेला दुसरा मोठा सिनेमा होता 'ब्लॅक हॉक डाउन'. मोगादिशूच्या रस्त्यांवरची लढाई, रक्तामांसासकट. तो पहिल्या नंबरावर आला आणि आमचे कुत्रे दुसऱ्या. आता सहा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी घेऊन थिएटरच्या खिडकीशी उभ्या असलेल्या बापाला विचारा, कुठलं तिकीट काढणार? त्याने समीक्षण वाचलेलं असलं तरी त्याच्यापुढचा प्रश्न "हा सिनेमा चांगला आहे का" असा नव्हताच. "या तिघांना एकत्र बसता येईल का" असा होता.

हेच चार वर्षांनी अजून स्पष्ट झालं. २००६ च्या फेब्रुवारीत, पुन्हा जोडून सुट्टीच्या आठवड्याला, डिस्नेनेच 'एट बिलो' आणला. अंटार्क्टिकात मागे राहिलेले आठ कुत्रे, गंभीर, नीट बांधलेला, रडवणारा. समीक्षकांत चित्र उलटं, दर चारांतले जवळजवळ तिघे खूश. आणि उत्तर अमेरिकेतली कमाई? ८ कोटी १६ लाखांच्या आसपास. 'स्नो डॉग्ज'ची ८ कोटी ११ लाखांच्या आसपास. एकाला २४ टक्के, दुसऱ्याला सत्तरच्या वर, आणि गल्ल्यावर फरक जेमतेम पाच लाखांचा! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोनदा तपासलं.

'एट बिलो'सुद्धा मी दाखवला आहे, एकदाच. त्याचं मूळ एका खऱ्या घटनेत आणि तिच्यावरच्या १९८३ च्या जपानी सिनेमात आहे. १९५८ मध्ये जपानी मोहिमेला १५ कुत्रे अंटार्क्टिकात साखळीने बांधून सोडून यावं लागलं. पुढच्या मोसमात माणसं परतली तेव्हा दोन जिवंत होते, तारो आणि जिरो. डिस्नेने आठांतले सहा वाचवले, म्हणजे मुलांवर मेहेरबानीच केली म्हणायची. तरी मेलेल्या देवमाशातून लेपर्ड सील बाहेर झेप घेतो तिथे पुढच्या रांगेतल्या दोघी किंचाळत उठल्या, एकीने रात्री आईला झोपू दिलं नाही, आणि सकाळी ती आई माझ्या दारात. सिनेमा उत्तम, गच्चीला पेलला नाही.

समीक्षकांची एक तक्रार मात्र मुलांचीही होती, आणि ती खरीच मोठी आहे. जाहिरातीत कुत्रे बोलतात. टीव्हीवरच्या तुकड्यांत, ट्रेलरमध्ये, गॉगल लावून टिंगल करणारे कुत्रे! प्रत्यक्ष सिनेमात ते बोलतात एकाच ठिकाणी, डॉक्टरला पडलेल्या स्वप्नात, समुद्रकिनाऱ्यावर, आरामखुर्च्यांत पसरून. पुढे-मागे फक्त भुंकतात. पुढच्याच जानेवारीत 'कांगारू जॅक' नावाच्या दुसऱ्या सिनेमाने हाच डाव टाकला, तिथे कांगारू, आणि तोही बोलतो तो भ्रमात आणि मग थेट अगदी शेवटी. म्हणजे युक्ती चालली होती.

माझा भाचा त्या युक्तीचा बळी. हाच, ज्याचा प्रोजेक्टर मी आता वापरते. तेव्हा सात वर्षांचा होता. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून दोन सीड्यांचा संच भाड्याने आणला होता, वीस रुपये दिवसाला. अर्धा सिनेमा तो दर पाच मिनिटांनी विचारत होता, "मावशी, आता बोलणार का?" मी म्हणायची, बोलतील हं, बोलतील. आणि नेमका समुद्रकिनारा आला तेव्हा पठ्ठ्या शू करायला गेलेला. परत आला तोवर कुत्रे पुन्हा भुंकायला लागले होते. रडारड. मग प्लेअरवर मागे-पुढे करत तो तुकडा शोधला, सीडी तीनदा अडकली, शेवटी दिसला. त्याने तो हाताची घडी घालून पूर्ण बघितला आणि म्हणाला, "हे तर स्वप्न आहे. स्वप्नात काय, आपला मोत्यापण बोलतो."

म्हणून हल्ली चादरीवर उजेड पडायच्या आधी मी उभी राहून सांगते: यातले कुत्रे बोलत नाहीत. एकदाच बोलतात, तेही खोटं. ज्यांना बोलणारे हवेत त्यांनी आत्ता खाली जायचं. अजून कोणी गेलं नाही. आणि गंमत म्हणजे, एकदा हे सांगून टाकलं की मुलं त्या भुंकणाऱ्या कुत्र्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात. बोलायची वाट बघत नाहीत, तर कान कुठे वळले, कोण कोणाला ढकलतंय, कोण पुढे आणि कोण मागे, हे बघतात. बर्फगाडीच्या कुत्र्यांना उजवीकडे वळायला "जी" आणि डावीकडे "हॉ" म्हणतात, एवढं मी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी बी विंगच्या पॅसेजमध्ये ओढणीने बांधलेली चार पोरं, मागे प्लास्टिकच्या टबात बसलेलं एक पिल्लू आणि "जी! जी!! अरे गाढवा, जी म्हणजे लिफ्टकडे!"

आता मी हा सिनेमा का दाखवते ते. त्यात टोळीचा म्होरक्या आहे डीमन, म्हणजे राक्षस. नावासारखाच. जवळ जाईल त्याच्यावर गुरगुरतो, डॉक्टरला तर उभा राहू देत नाही. अर्धा सिनेमा आपण त्याला दुष्टच समजतो, कारण सिनेमाही त्याला तसाच दाखवतो. मग एकदा डॉक्टरचं लक्ष त्याच्या तोंडाकडे जातं. दात किडलाय. अलास्कात सगळीकडे कुचकामी ठरलेल्या माणसाला एवढी एकच गोष्ट येते, ती तो करतो. दात काढतो. कुत्रा शांत.

गेल्या वर्षी इथे गच्ची गप्प झाली. गप्प म्हणजे, वडापावचे कागदसुद्धा वाजेनात. आणि सतरंजीच्या कडेला बसलेला एक मुलगा, शाळेतून ज्याच्या मारामारीच्या तक्रारी येतात, तो कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाला, "दुखत होतं म्हणून चावत होता तो."

समीक्षक या प्रसंगाला ढोबळ म्हणतील आणि तो आहेच ढोबळ. दाताचा डॉक्टर, मग कुत्र्याचा दात दुखणारच, हे कागदावर लिहितानाच कोणाला तरी सुचलेलं आहे, उघड दिसतं. पण मी पन्नाशीची, पाचशे सिनेमे बघितलेली. असा सांधा मला दिसतो. त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा बघितला. समीक्षक आणि गच्ची यांच्यातलं भांडण मला एवढंच वाटतं: एकाने ही युक्ती शंभरदा बघितलेली असते आणि दुसऱ्याने एकदाही नाही, आणि दोघांनाही एकाच खुर्चीत बसवून आपण मत विचारतो.

कोबर्नबद्दल एक वाक्य सांगायचं राहिलं. सांध्यांच्या आजाराने त्याचे हात वाकडे झाले होते, आणि ते हात तो लपवत नाही. सिनेमा लागला त्याच वर्षीच्या, २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. विनोदी सिनेमात तो एकटा विनोद करत नाही, आणि त्याच्यामुळेच बाप-लेकाची गोष्ट उभी राहते.

एक प्रश्न मात्र मला अजून एकाही पालकाने विचारलेला नाही, आणि तो विचारायला हवा होता. सिनेमा संपल्यावर मुलं खाली जाऊन काय मागतात? हस्की मागतात. निळ्या डोळ्यांचा, पांढऱ्या तोंडाचा. शर्यती जिंकणारे अलास्कन हस्की दिसायला किडकिडीत, मिश्र रक्ताचे, गल्लीतल्या कुत्र्यांसारखेच असतात. पडद्याला देखणे लागतात म्हणून तिथे सायबेरियन. पडद्यावरून कुत्रा घरात येतो हे आपल्याला नवीन नाही. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि घराघरांत पग झाले, धापा टाकणारे. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतले लांडगे बघून हस्की आणणाऱ्या आणि मग सोडून देणाऱ्यांना २०१७ मध्ये त्यातल्याच पीटर डिंकलेज या नटाला जाहीर विनंती करावी लागली, की नुसता दिसतो म्हणून कुत्रा घेऊ नका.

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक हस्की आहे. सिनेमा बघून आणलेला की नाही मला माहीत नाही, विचारलं नाही. हौसेने आणलेला, लाडात वाढतोय, एसीसुद्धा त्याच्यासाठी वेगळा आहे म्हणतात. फिरायला रात्री अकरानंतर आणि पहाटे पाचला. आमच्याकडे मंगळवारी दुपारी वीज जाते, देखभालीसाठी. गेल्या मे महिन्यात अशाच एका मंगळवारी त्यांच्या मुलीने मला काहीतरी दाखवायला वर बोलावलं होतं. हस्की बाथरूममध्ये होता. ओल्या फरशीवर पोट टेकून, चारही पाय पसरून, जीभ बाहेर, डोळे दाराकडे. मुलगी बादलीतून मगने त्याच्या पाठीवर पाणी ओतत होती आणि त्याला सांगत होती, "थांब रे, येईल आता. चारला येते."