थकबाकीचा रकाना

रविवार, रात्री दहा.

सकाळच्या उपासनेनंतर दशांशाची, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीतील सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात त्याची, वही कपाटात ठेवत होतो, तेवढ्यात मंदिराची झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्यांनी बराच वेळ घेतला आणि मग विचारले, "भाऊ, माझं तीन महिन्यांचं मागं राहिलंय. पुढच्या रविवारी प्रभुभोजन हाय. मी घेऊ का नको?" प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ मेजावरची भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणे. मी तत्परतेने म्हणालो, "अहो मावशी, त्याचा आणि याचा काय संबंध? खुशाल घ्या." त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या, पण समाधान झाल्यासारखे दिसले नाही. घरी येताना लक्षात आले की संबंध नाही असे सांगणाऱ्या माणसानेच त्यांच्या नावापुढचे तीन चौकोन लाल शाईने रंगवले आहेत, आणि दर रविवारी ती वही टेबलावर उघडी असते तेव्हा शेजारचा केर काढणाऱ्या बाईला ते दिसल्यावाचून राहत नसणार.

बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन मी शब्बाथ शाळेत पाठ केले होते आणि त्याबद्दल मला एक पेन्सिलही मिळाली होती. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे. कर्मांनी होत नाही, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा उरू नये. कृपा फुकट असते हे पाठ केल्याबद्दल बक्षीस घेतले, यातली गंमत तेव्हा कळण्याचे वय नव्हते. पण पुढेही मी तेच करीत आलो. उपासनेची हजेरी, दशांश, आजाऱ्यांच्या भेटी हे सारे मनातल्या एका वहीत जमेच्या बाजूला मांडत गेलो. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने सांगितले असले तरी माझा डावा हात कायम पावतीपुस्तक धरून बसलेला असतो.

दुपारी पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे आपण विश्वासाला कसे आलो याचे त्यांचे कथन, पुन्हा काढून वाचली. ती त्यांनी 1907 साली लिहिली. त्यातला बालपणाचा भाग मला दरवेळी थांबवतो. अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत पायी फिरले. व्रते, उपवास, स्नाने, दाने यांत त्यांनी काही बाकी ठेवले नाही; जवळची पुंजी पुण्य जोडण्यात संपली, आणि 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. हे वाचताना 'ते तसले, आपण असे नाही' असा एक छुपा सूर आमच्या लोकांच्या तोंडी येतो. तो मला खटकतो, कारण त्याच साक्षीत पुढे जे आहे ते थेट आमच्याबद्दल आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यांना ओढून घेतले ते मुळात कर्मांनीच, हे विसरता येत नाही: लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या, यांना या बायकांची इतकी काळजी का, असे विचारले, आणि उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, इतरांनी हलके मानलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो ती गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पण बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे मुंबईत शारदा सदन उघडून ते पुण्यास हलवल्यानंतर, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांना उमगले ते एका इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचताना. तो गृहस्थही कित्येक वर्षे इतरांना उपदेश करीत होता आणि स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात प्रथम विश्वासाला आला. आठ वर्षे! विधवांसाठी शाळा चालवणारी, जगभर व्याख्याने दिलेली, बाप्तिस्मा घेतलेली बाई स्वतःविषयी असे लिहिते, तेव्हा अकरा वर्षे मंडळीचा खजिनदार असलेल्या माझ्यासारख्याने आपल्या जमेकडे कोणत्या तोंडाने पाहावे?

यावर कोणी म्हणेल, मग करायचेच कशाला. रमाबाईंच्या बाबतीत तो प्रश्न उरतच नाही, कारण त्यांची सर्वांत मोठी कामे त्या जाणिवेनंतरची आहेत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, केडगावचे मुक्ती सदन, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर, जे 1922 साली मृत्यूपूर्वी त्यांनी हातावेगळे केले. देवाशी हिशेब चुकता करण्याची घाई ज्याला नसते त्याला बहुधा कामाला जास्त वेळ मिळतो. आम्ही नवव्या वचनावर थांबतो. दहाव्यात लगेच म्हटले आहे की आपण त्याची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. सत्कृत्ये आहेतच, पण ती तारणाच्या मागून येतात.

बायबलमधलेच याकोबाचे पत्रही संध्याकाळी चाळले, कारण मावशींऐवजी आमच्या कमिटीतील एखाद्याने विचारले असते तर त्याने तेच पुढे केले असते: क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने या पत्राला 1522 साली गवताच्या काडीचे पत्र म्हणून हिणवले, ते मला जरा उतावीळपणाचे वाटते. कृपेवर भर देणारा प्रेषित पौल आणि क्रियांवर भर देणारा याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात. त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला ही गोष्ट उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात येते आणि याकोब ज्या इसहाकाच्या अर्पणाकडे बोट दाखवतो ते बाविसाव्यात. मधे मुलाचा जन्म आणि कित्येक वर्षे आहेत; म्हणजे विश्वास आधी, क्रिया मागून. कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्या मात्र 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गला या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या करण्यापर्यंत आल्या, तोवर ल्यूथरच्या त्या शेऱ्याला जवळजवळ पावणेपाच शतके लोटली होती. चौकोन रंगवायला वेळ लागत नाही, पुसायला फार लागतो.

झोपण्यापूर्वी मत्तयाचा विसावा अध्याय वाचला. द्राक्षमळ्याच्या मालकाने पहाटे आलेल्यांशी रोजचा रुपया ठरवला, आणि दिवस मावळताना अकराव्या तासाला आलेल्यांनाही तेवढाच दिला. या दाखल्यात मी आजवर स्वतःला नकळत त्या कारभाऱ्याच्या जागी पाहत आलो, कारण तो मजुरी वाटतो. पण कारभारी तर मालकाने सांगितले तसे, शेवटच्यापासून सुरुवात करून मुकाट्याने वाटत गेला. उन्हातान्हात राबलो म्हणून कुरकुरणारे वेगळे होते, आणि त्यांना रुपया ठरल्यापेक्षा एक पैसाही कमी मिळाला नव्हता. त्यांचे दुखणे एवढेच की दुसऱ्याला मिळाला.

मावशी किती वर्षे मंदिर झाडतात याची नोंद आमच्या कोणत्याच वहीत नाही, कारण झाडण्याला पावती नसते. पण ती नोंद करून त्यांच्या नावापुढे जमा दाखवावी, हा मघाशी मनात आलेला विचारही पुन्हा तोच जुना हिशेब आहे, फक्त शाई निळी. मावशींना मी 'काय संबंध' असे म्हणालो, ते खरे होते; ते म्हणताना माझ्या आवाजात माफ केल्याचा सूर होता, तो खोटा होता. मेजावरची भाकर माझी नाही.

पुढच्या रविवारच्या आधी त्यांच्या घरी जाऊन हे नीट सांगायला हवे, आणि सांगताना वही बरोबर न्यायची नाही. हिशेबतपासनीस शनिवारी येणार आहेत. थकबाकीचा रकाना वहीत का आहे, हे त्यांना विचारले तर ते म्हणतील की तो तुमच्याच हाताने आखलेला आहे. पट्टीने, दोनदा रेघ ओढून.