तुम्ही विचारलंत म्हणून: बायोडिझेलवर घर गरम राहतं का?

"तुमच्या बॉयलरला म्हणे बायोडिझेल चालतं, मग कडाक्याच्या थंडीत बंद नाही का पडत?" हे मला इतके जण विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. चालतं, आणि मस्त चालतं. (बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा जनावरांच्या चरबीपासून केलेलं डिझेलसारखं इंधन.) पण त्यावर माझाही एक प्रश्न असतो, तुमची तेलाची टाकी तळघरात आहे की घराबाहेर?

कारण सगळं तिथेच अडतं. बायोडिझेल गार होत गेलं की त्यात आधी मेणासारखे बारीक कण तयार होतात आणि ते गढूळ दिसायला लागतं, त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. सोयाबीनच्या बायोडिझेलचा हा पॉइंट साधारण ० अंशाच्या आसपास, कॅनोलाचा त्याच्याही खाली, पण पाम तेलाचं किंवा जनावरांच्या चरबीचं असेल तर १० अंशांच्या वरच गढूळ होतं. म्हणजे नुसतं "बायोडिझेल आहे का" विचारून भागत नाही, कशापासून केलंय तेही विचारायचं. टाकी मोठी असते, ती सावकाश गार होते, पण बाहेरून घरात येणारी ती बोटाएवढी नळी आणि तिच्यावरचा फिल्टर आधी गारठतात, कण फिल्टरवर जाऊन बसतात आणि बर्नरला तेलच मिळत नाही. तळघरातल्या टाकीला हा त्रास जवळपास नाही. टाकी बाहेर असेल तर थंडीत नेहमीच्या तेलात मिसळलेल्या बायोडिझेलचं प्रमाण कमी ठेवा, नळी आणि फिल्टर झाकून घ्या.

माझ्याकडे २० टक्के बायोडिझेल आणि बाकी नेहमीचं हीटिंग ऑइल (घर गरम करायचं खनिज तेल) असं मिश्रण आहे. उष्णता एक-दोन टक्केच कमी पडते, घरात कळतसुद्धा नाही. बायोडिझेलमध्ये सल्फर जवळजवळ नसतंच. मात्र ते जुना गाळ सोडवतं, वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी चिकटलेलं सगळं सुटून फिल्टरमध्ये येतं, माझा पहिल्या हिवाळ्यातला फिल्टर काढला तर अक्षरशः काळाकुट्ट, बोटाला गुळगुळीत चिखल लागत होता. त्यामुळे सुरुवातीला एखादा जास्तीचा फिल्टर घरात हवाच. २० टक्क्यांच्या वर जायचं असेल तर आधी मेकॅनिकला पंपाचं सील आणि रबरी होस दाखवा, साधं नायट्राइल रबर जास्त बायोडिझेलमध्ये फुगतं. आणि उन्हाळाभर उरलेलं तेल तसंच ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि सहा महिन्यांनी खराब व्हायला लागतं.

वापरलेलं तळणीचं तेल गाळून थेट टाकीत ओतायचा विचार असेल तर प्लीज नको. ते डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं, नोझलमधून त्याचा बारीक फवारा होतच नाही, अर्धवट जळतं, काजळी साचते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याच तेलावर रासायनिक प्रक्रिया केली की त्याचं बायोडिझेल होतं, ते वेगळं.

काही जण लाकडी पेलेटचंही, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचंही विचारतात. साधारण दोन किलो पेलेटमध्ये एक लिटर हीटिंग ऑइलएवढी उष्णता असते आणि थिजायची भानगड नाही. पण कोठारात भरून ठेवलेले पेलेट न जळताही कार्बन मोनॉक्साइड सोडतात, बंद कोठारात शिरून माणसं दगावली आहेत. दार उघडून आधी भरपूर हवा खेळू द्या, हा वायू ओळखणारा डिटेक्टर जवळ ठेवा, आणि लहान मुलांच्या हाती त्या दाराची किल्ली अजिबात लागू देऊ नका.