सावाईईच्या परसात

प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात उंडीच्या झाडाला फेताऊ म्हणतात. खाडीकाठच्या भेंडीच्या झाडाला (भाजीची भेंडी नव्हे) मिलो, बारतोंडीला नोनू, देशी बदामाला तालिए, नारळाला निऊ आणि हळदीला आङो. यातला ‘ङ’ जरा नीट वाचा. सामोअन लोक तो रोमन लिपीत ‘जी’ या अक्षराने लिहितात आणि बाहेरचे सगळे सर्रास ‘आगो’ म्हणतात. वाङ्मय म्हणता येणाऱ्या आपल्या जिभेला हा उच्चार अजिबात जड जात नाही.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची. बरीच वर्षं ऑकलंडमध्ये आहे, वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका केंद्रात काम करते. दक्षिण ऑकलंडमध्ये सामोअन वस्ती मोठी आहे. ओटाराच्या शनिवारच्या बाजारात अळकुड्यांपेक्षा कितीतरी मोठे असे अळवाचे कांदे आणि कोवळ्या पानांच्या जुड्या रचलेल्या असतात, त्यामुळे त्या बाजारात मला कधी परकं वाटलं नाही. माझ्याबरोबर ड्युटी करणारी मैत्रीण सामोअन. तिच्या मावशीकडे, सामोआतल्या सावाईई बेटावर, जाऊन राहण्याचा योग आला आणि त्या परसात जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं असं वाटतंय.

मावशीला घरातले सगळे तिना म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. तिना गावातली ताऊलासेआ, म्हणजे झाडपाल्याचं औषध देणारी बाई. सामोआत हे काम बहुतेक बायकांकडेच असतं, आई-आजीकडून शिकलेलं. ठरलेली फी नसते, लोक आपल्या इच्छेने काहीतरी आणून देतात.

तिनाच्या परसात पहिल्यांदा फिरले तेव्हा निम्मी झाडं मला चेहऱ्याने ओळखीची होती. पण मी ज्यांना नुसतं ‘किनाऱ्यावरची झाडं’ म्हणत आले, त्यांच्याकडे तिना कामाच्या नजरेने बघत होती. फाऊ घ्या. जास्वंदीच्या कुळातलं, पिवळ्या फुलांचं, आपल्याकडे खाडीकाठी वाढणारं हे झाड. त्याच्या सालीचा आतला वाख काढून, धुऊन, त्याचा झुबका करतात आणि अवा गाळायला तोच वापरतात. अवा म्हणजे मिरीच्या कुळातल्या एका झुडपाचं मूळ कुटून पाण्यात कालवलेलं पेय. गावच्या प्रमुखांच्या, म्हणजे मातायींच्या, बैठकीत आणि पाहुण्यांच्या स्वागताला ते मानाने देतात. ज्या लाकडी पात्रात ते कालवतात तो तानोआ इफिलेले नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो. म्हणजे एका स्वागताला तीन झाडं लागतात, आणि तिघांची नावं तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक असतात.

नोनूचं पान मी जवळून पाहिलं. शेजारच्या एका बाईंचा घोटा सुजला होता. तिनाने झाडाखाली उभं राहून वरची दोन-तीन पानं हाताने उलटी करून बघितली, सोडून दिली, आणि खालच्या फांदीवरचं गर्द, पूर्ण वाढलेलं पान तोडलं. त्याला खोबरेल तेल लावलं. दोन्ही हातांनी देठ आणि टोक ताणून धरून ते निखाऱ्यांवरून सावकाश फिरवलं. पान मऊ पडून त्याचा रंग काळपट हिरवा होईपर्यंत ती थांबली. मग आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून ऊब पाहिली आणि नंतर घोट्यावर ठेवून तळव्याने दाबून धरलं. पान गार झालं की दुसरं. माझी आजी गुडघ्याला रुईचं पान असंच तेल लावून, शेकून बांधायची. आमच्या कुंपणाला बारतोंडी असून तिने तिचं पान कधी वापरल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे या झाडाची ख्याती निराळी. ‘आल’ या नावाने त्याच्या मुळांचा लाल रंग पूर्वी कापड रंगवायला वापरत.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. हल्ली भारतातल्या आपल्या घरांमध्ये ‘नोनी ज्यूस’च्या महागड्या बाटल्या दिसतात. मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर एकच झाकणभर रस. हे फळ तेच, आपली बारतोंडी. सामोआतूनही हा रस मोठ्या प्रमाणावर परदेशी जातो. पण तिनाच्या औषधात नोनूचं पान एका तक्रारीसाठी, फळ दुसऱ्या तक्रारीसाठी, आणि पुष्कळ तक्रारींसाठी नोनू नाहीच, दुसरंच झाड. ‘सगळ्यावर एकच’ असं काही तिच्याकडे नव्हतं. शिवाय या रसात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बाटली उघडू नका.

हळदीकडे येते. आङो किसून तेलात कालवून त्वचेवरच्या पुरळाला, जखमांना लावतात, हे आपल्याला नवीन नाही. पण मला हलवून गेली ती दुसरी गोष्ट. सामोआत पुरुष कमरेपासून गुडघ्यांपर्यंत गोंदवून घेतात, त्याला पेआ म्हणतात. हातोडीने ठोकत ठोकत, कित्येक बैठकांत, सोसवत नाही इतक्या वेदनेतून ते पूर्ण होतं. त्याची काळी शाई लामा नावाच्या झाडाच्या बिया जाळून धरलेल्या काजळीची. या बिया इतक्या तेलकट की पूर्वी हिरांवर ओवून दिव्यासारख्या लावत. आणि पेआ पुरा झाला की त्या माणसाला सगळ्यांसमोर हळद-तेल माखतात. मैत्रिणीच्या फोनवर तिच्या भावाच्या अशा समारंभाचा व्हिडिओ होता. पिवळा धमक, दमलेला, मान ताठ ठेवून बसलेला मुलगा आणि त्याला हळद लावणाऱ्या त्याच्या घरच्या बायका. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर लग्नघरच होतं.

रंगांचं म्हणाल तर सिआपो हा त्यांचा सालीचा कपडा. उआ या तुतीच्या कुळातल्या झाडाची आतली साल सोलून, शिंपल्यांनी खरवडून, लाकडी मोगरीने कुटत कुटत रुंद करत नेतात. तुकडे जोडायला मासोआच्या कंदाची खळ. मासोआ म्हणजे आपल्या कोकणातला देवकांदा. तपकिरी रंग ओआच्या सालीचा, लाल रंग लोआच्या बियांचा. लोआ म्हणजे शेंद्री, ती मूळची अमेरिकेची आणि दोन्हीकडे पाहुणीच.

चटईसाठी केवड्याच्या कुळातली झाडं. फाला हे त्यांचं सर्वसाधारण नाव, पण बारीक विणीच्या मानाच्या चटईला लाऊइए या वेगळ्या जातीचीच पानं लागतात. काटे काढायचे, पानं उकळायची, पापुद्रे सोडवायचे, समुद्राच्या पाण्यात भिजवून उन्हात पांढरी करायची, मग केसासारख्या पट्ट्या फाडायच्या. एक चटई विणायला महिने, कधी वर्षंही जातात. ती कुणी अंगाखाली घेत नाही. लग्नात, मयतात, मोठ्या माफीच्या प्रसंगी ती हातातून हाती दिली जाते. 2019 मध्ये युनेस्कोने या चटईला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे केवड्याचं कणीस गणपतीला आणि अत्तराला, पण पानं बहुतेक तशीच काट्यांसकट कुंपणाला राहतात.

नारळावर लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. एवढंच सांगते की लांब काथ्याच्या एका जातीला तिथे निऊ आफा असं स्वतंत्र नाव आहे, कारण आफा म्हणजे सुंभ, आणि चांगल्या सुंभासाठी लांब धागा लागतो. म्हातारे पुरुष गप्पा मारता मारता उघड्या मांडीवर काथ्या वळून त्याची तीन पदरी वेणी घालत असतात. जुन्या पद्धतीची घरं याच सुंभाने बांधलेली, खिळा एकही नाही.

अळू म्हणजे तालो, त्याच्या कोवळ्या पानांत नारळाचं दूध भरून तापलेल्या दगडांवर भाजलं की पालुसामी. अळवाच्या फदफद्यावर वाढलेल्या माणसाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. पण 1993 मध्ये या अळवावर करपा आला. रोगकारक फायटोफ्थोरा कोलोकॅसिए, हा आपल्याकडच्या अळवावरही पडतो. सामोआत तेव्हा निर्यातीसाठी ‘निऊए’ ही एकच जात शेतोशेती लावलेली होती आणि तिला हा रोग सोसवेना. थोड्या अवधीत निर्यात कोसळली. पुढे आलाफुआच्या विद्यापीठ केंद्रात शेतकऱ्यांना बरोबर घेऊन संकरित, रोगाला टिकणाऱ्या जाती काढल्या. तिना आजही जुन्या अळवाच्या चवीबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज गेलेल्या माणसाबद्दल बोलल्यासारखा होतो.

या झाडांची परदेशातही दखल घेतली गेली, त्यातली एक कहाणी सावाईईचीच. बेटाच्या पश्चिम टोकाला फालेआलुपो गाव आहे. 1980च्या दशकात पॉल अॅलन कॉक्स हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे राहून ताऊलासेआंकडून शिकत होते. एपेनेसा माउइगोआ या वृद्ध बाईंनी त्यांना मामाला या लहान झाडाच्या खोडाचा काढा दाखवला, तो काविळीसारख्या तापावर देत. त्याच नमुन्यांतून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत प्रोस्ट्राटिन हा घटक वेगळा केला गेला आणि तो एचआयव्हीवर गुणकारी ठरेल का, यावर संशोधन सुरू झालं. औषध म्हणून तो अजून बाजारात आलेला नाही. पण 2004 मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सामोआशी करार केला की त्यातून उत्पन्न झालंच तर निम्मा वाटा सामोआला, त्यात गाव आणि त्या वैद्यांची कुटुंबंही आली. त्याच गावाने शाळा बांधायला पैसे हवेत म्हणून 1988 मध्ये आपलं जंगल तोडायला दिलं होतं. कॉक्स यांनी शाळेच्या पैशांची जबाबदारी घेतली, गावाने 1989 मध्ये जंगल राखण्याचा करार केला. या कामासाठी 1997 चा गोल्डमन हा पर्यावरणाचा पुरस्कार कॉक्स आणि गावचे प्रमुख फुइओनो सेनिओ यांना मिळून देण्यात आला. दोघांना मिळून, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि अगदी अलीकडचं मातालाफी. या झुडपाच्या पाल्याचा रस तापावर, अंगदुखीवर देतात. भुताने धरलं असं म्हणतात त्या दुखण्यावरही देतात, आणि त्यामुळेच शिकलेले लोक नाकं मुरडायचे. सेएसेएई मोलिमाऊ-सामासोनी या सामोअन शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अभ्यास केला. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: प्रयोगशाळेत या पानांचा दाहशामक परिणाम आयबुप्रोफेनच्या तोडीचा दिसला, आणि पेशींमधल्या लोहाला बांधून घेण्याचा गुणही आढळला. हे मी तिनाला मैत्रिणीकरवी सांगितलं. तिने विचारलं, ‘कुणाच्या गावची मुलगी?’ बाकीच्यात तिला नवीन काही नव्हतं.

आता कोकणातल्या वाचकांना विनंती. तुमच्या वाडीत उंडीला, बारतोंडीला, खाडीकाठच्या भेंडीला काय म्हणतात, आणि घरातलं कोण कशासाठी वापरतं किंवा वापरायचं, ते मला कळवा. नुसतं ‘औषधी आहे’ असं नको. पान कोवळं की जून, तेल लावून की कोरडं, कुठल्या बाजूने आणि किती वेळ, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. गावाचं नाव घालायला विसरू नका, दोन गावं ओलांडली की आपल्याकडे झाडाचं नाव बदलतं.